काढणाऱ्याची वाटी

तांडा, नेर
१० एप्रिल

सलोनी बाई,

पाकिटावर माहं नाव पाहून तू हे न वाचताच फाडशील, म्हणून मागं नाव लिहिलंच नाही. आता उघडलंच आहेस तं वाच. फोन तू उचलत नाहीस. बरोबर करतेस, तुह्या जागी मी असतो तं मी बी नसता उचलला. या घरून जो फोन जाते त्यात रडणं नाही तं भांडण, तिसरं काही नसते.

पहिले हे सांगतो का तू गेलीस त्याचं मले वाईट वाटलं, पण राग नाही आला. जो बाप आपल्या पोट्टीले देशीच्या दुकानाच्या पायरीवर बसवते अन् सोता मागच्या दारानं निंघून नालीत जाऊन पडते, त्याच्या घरी कोणती बाई राहीन? खुशी भर उन्हात तठी बसून होती. कोणी विचारलं तं म्हणे, बाबा आत गेले, येतेत. गॅरेजवाल्या वाहिदभाईनं पाहिली म्हणून पोट्टी घरी तरी आली. देवीलाल माहाच पोरगा आहे, पण त्या दिवशी मी त्याले दोन ठेवून दिल्या. एवढा तीस-बत्तीसचा घोडा, पण मार खाऊन गुपचूप बसला. तू तवाच खुशीले घेऊन वणीची बस पकडून भावाकडे गेलती.

आता मुद्द्याचं. आपण सारं करून पाहिलं. दवाखाना झाला, देवीची शपथ झाली, गंडा झाला, तुहं रडणं झालं. सोडत नाही तं नाही. मंग मी म्हणलं, प्यायचं सोडत नाही ना, तं निदान काय पिते ते तरी आपल्या हातात घेऊ. आजपासून या घरात बाटली येणार नाही. देशी नाही, विदेशी नाही, बाजारातली पन्नीतली दारू तं नाहीच नाही. त्यात काय घालतेत कोणाले माहीत, पोरं आंधळी होऊन राह्यली. आपल्या शेताच्या धुऱ्यावर मोहाचं झाड आहे. आपली विहीर आहे, आपली चूल आहे. नवसागर नाही, युरिया नाही, नुसतं फूल अन् पाणी. तुही सासू काढत होती तशी. तिच्या हातची मोहाची पिऊन कोणी नालीत पडल्याचं तांड्यात कोणाले आठवत नाही. सरकारी कायद्यानं हे चूक आहे हे मले कळते, पण पोरगा मेल्यावर कायदा घेऊन काय करू?

देवीलालसंगं ठरलं का सांजेले दोन वाट्या, जेवणाच्या पहिले, घरात बसून, माह्या हातून. बाहेर एक थेंब नाही. मी एसटीत जलमभर कंडक्टरकी केली, तिकिटाबिगर कोणाले बसू दिलं नाही. आता याचं तिकीट बी मीच फाडतो.

तू तांड्याचीच पोरगी आहेस, रीत तुले माहीत आहे. जो काढते त्यानं पहिली वाटी सोता प्यायची, सगळ्यांच्या डोळ्यासमोर, अन् मंगच दुसऱ्याच्या हाती द्यायची. नाही तं पिणाऱ्यानं भरोसा कसा ठेवायचा? तुही सासू गेली तवापासून मी थेंब घेतला नाही, हे तू पाहिलं आहे. म्हणून नुसते ओठ ओले करतो. रीत बी राहते अन् माहं व्रत बी राहते.

दिवाळीपर्यंत वाट पाय. काळी अमावस्येच्या सांजेले तांड्यातल्या साऱ्या पोरी दिवा घेऊन घरोघर मेरा म्हणत, आशीर्वादाचं गाणं गात येतीन. खुशी आता सहा वर्साची झाली, यंदा तिचं पहिलं मेरा आहे. ते तिनं वणीत कोणाच्या दारात म्हणायचं? तिनं माह्या दारात म्हणावं एवढंच मले पायजे. तवापर्यंत मी तुहा नवरा माणसात आणतो.

तुहा बाबा,
हिरासिंग

तांडा
२१ जून

सलोनी बाई,

तुहं उत्तर नाही आलं. हरकत नाही, मले एकट्यानं बोलायची सवय आहे.

खबर चांगली आहे. देवीलाल सुधरून राह्यला. बाटली बंद म्हणजे बंद. वाहिदभाईनं त्याले परत कामावर घेतलं. पहिले नाही म्हणत होता, मंग मी गॅरेजात जाऊन त्याच्या स्टुलावर बसून राह्यलो, चहा बी त्याचाच पेलो. शेवटी म्हणे, चाचा, तुमच्या तोंडाकडे पाहून घेतो, पण सकाळी वास आला तं त्याच दिवशी घरी. मी म्हणलं कबूल. आता पोरगा नऊच्या आत जाते. परवा पगार माह्या हातात दिला. खुशीसाठी सॅंडल आणल्या, पार्सलनं धाडल्या, त्याच्यावर फुलपाखरं आहेत. नंबर चुकला असन तं कळव, बदलून आणतो.

अन् एक सांगू? तो बोलून राह्यला माह्यासंगं. तुले माहीत नाही, तू या घरात यायच्या पहिलेपासून आम्ही बापलेक एका ताटात जेवलो नाही. मी ड्युटीवर, तो शाळेत. मी घरी आलो का तो बाहेर. त्याची माय मेली तं आम्ही दोघंही दोन कोन्यात बसून रडलो, एका जागी नाही. आता सांजेले आंगणात खाट टाकतो, मी वाटी भरतो, पहिले माहं तोंड लावतो, मंग त्याले देतो. पहिल्या वाटीत तो गप राहते. दुसऱ्या वाटीत तोंड उघडते. बालपणी मी त्याले एकदा बसमधून यवतमाळले नेलतं अन् डायव्हरच्या बाजूले बसवलं होतं, ते त्याले सारं याद आहे. मी तं भुललो होतो. तुहं नाव बी काढते. म्हणते, बा, सलोनी हसायची तवा पहिले तोंडावर पदर घेत होती, आता किती दिवस झाले हसलीच नाही. मी म्हणलं, हसवणाराच नालीत पडला तं काय करीन ते बिचारी.

ओठ ओले करून भागत नाही, पिणाऱ्याले ते बरं दिसत नाही, म्हणून एखादा घोट घेतो. पोरगा म्हणे, बा, तू नुसता नाटक करते. बापाले पोरानं नाटकी म्हणावं हे बरं आहे का? म्हणून घोट.

शेजारचा भीमसिंग येऊन बसू पाहत होता. मी त्याले सांगतलं, हे दवाखान्याचं औषध आहे बाप्पा, फुकट वाटायले नाही. हासला लेकाचा, अन् गेला.

तुहा बाबा

तांडा
१९ ऑगस्ट

सलोनी बाई,

तुहं पत्र आलं. पाकीट पाहून मले एवढा आनंद झाला का पोस्टमनले बसवून चहा पाजला. अन् आत काय, तं एकच ओळ. बाबा, तुम्ही पण घेता का?

एवढे चार महिने झाले. पोरगा कामावर जाते, घरी येते, नालीत पडत नाही, शिवी देत नाही, अन् तू इचारतेस ते हे? मी तुले काय लिवलं होतं? रीत आहे म्हणून घेतो. काढणाऱ्यानं घेतल्याबिगर वाटी पुढं जात नाही. आता रीतीचं घेणं म्हणजे घेणं होते का? देवाचा प्रसाद खाल्ला म्हणून कोणी जेवला म्हणते का? तुले रीत माहीत असून तू असं इचारलं, हे मले लागलं.

अक्षर खराब आलं असन तं माफ कर. डोळ्यात फूल पडून राह्यलं, नेरच्या डॉक्टरनं ऑपरेशन सांगतलं आहे. हात बी पावसाळ्यात आखडते.

पाऊस आठ दिवसापासून धरून आहे. कपाशीत पाय टाकता येत नाही, देवीलालचं गॅरेज बी पाण्यात आहे, म्हणून तो दोन-तीन दिवस घरीच होता. पावसात माणूस बसून बसून करीन काय. दुपारीच बसलो. वाट्या किती झाल्या ते मी मोजलं नाही, पण बाटली काही आणली नाही, हे ध्यानात घे. जे प्यालो ते आपल्या घरचं. वाळवलेलं फूल दिवाळीपर्यंत पुरते का नाही असं झालं, म्हणून भीमसिंगच्या झाडाचं बी मागून आणलं. ते बी इथलंच आहे, तांड्याच्या बाहेरचं नाही.

त्या दिवशी देवीलाल तुह्यासाठी रडला. लहान पोट्ट्यासारखा. माह्या मांडीवर डोकं ठेवलं अन् म्हणे, बा, मी तिच्यापुढं कोणत्या तोंडानं जाऊ. मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राह्यलो. बाई, खोटं कायले बोलू, मले तवा लय सुख वाटलं. माहं एवढं मोठं पोट्टं माह्या मांडीवर होतं. मी देवाले म्हणलं, हे असंच राहू दे.

खुशीले सॅंडल बसल्या का ते तुनं लिवलं नाही.

तुहा बाबा

तांडा
२ ऑक्टोबर

सलोनी,

तू दिवाळीले येऊन राह्यली हे तुह्या भावानं वाहिदभाईच्या फोनवर कळवलं. ये. घर मी सारवून घेतो. पण त्याच्या पहिले तुह्या नवऱ्याची तक्रार ऐक, कारण ऐकणारं दुसरं कोणी नाही.

चार दिवसाआधीची गोष्ट. मी वाटी भरली, माही घेतली, त्याले दिली. तं हा हात मागं घेते.

"बा, आज नको," म्हणे.

मी म्हणलं, "कायले नको? बरं नाही का?"

तं म्हणे, "सकाळी हात थरथरते बा. वाहिदभाई पाहून राह्यला. सलोनी येणार आहे. मी सोडून पाहतो."

आता सांग. बापानं सोता घेऊन पुढं केलेली वाटी कोणी मागं सारते का? तांड्यात असं कोणी केलं तं त्याचा अर्थ काय होते ते तुले माहीत आहे, का तुह्या हातचं विष आहे. अन् दोन वाट्यांनी कोणाचं काय बिघडते? मी त्याले समजावलं. रीत सांगतली. शेवटी घेतली त्यानं. पण तोंड असं केलं का जसा मी त्याले काढाच पाजला. जेवला बी नाही, भिंतीकडे तोंड करून झोपला.

अन् दुसऱ्या दिवशी सकाळी वाहिदभाईनं त्याले घरी पाठवलं. म्हणे वास येते. मी गॅरेजात जाऊन चार शब्द सुनावले. म्हणलं, वाहिदभाई, घरची मोहाची आहे, दुकानची नाही. तं तो माणूस काय म्हणते? म्हणे, "चाचा, सकाळचे दहा वाजले, अन् वास तं तुमच्याच तोंडाचा येऊन राह्यला." चार माणसं उभी होती. जैनबबी, त्याची माय, ते बी दारात होती. लोकायले दुसऱ्याच्या घरात नाक घालायची लय हौस.

देवीलाल दोन दिवस झाले सांजेले घरी राहत नाही. देवळात जाऊन बसते. मी वाटी भरून वाट पाहतो.

तू आलीस का त्याले समजाव.

बाबा

तांडा
१६ नोव्हेंबर

सलोनी बाई,

हे पत्र मी सकाळी लिवून राह्यलो. अजून तोंडाले काही लावलं नाही. हात थरथरते, पण अक्षर लागन तुले. पूर्ण वाच, मंग जे करायचं ते कर.

दिवाळीले तू आलीस, दोन दिवस राह्यली, अन् देवीलालले घेऊन वणीले गेलीस. मले काही बोलली नाहीस. स्वयंपाक केला, भांडे घासले, माह्या खाटेवरची चादर धुतली, भट्टीकडे पाहिलं बी नाही. शिव्या दिल्या असत्या तं बरं झालं असतं. बस सुटायच्या पहिले तुनं माहे पाय धरले, तवा मले रडू आलं अन् मी तिकडे पाहून राह्यलो असं दाखवलं का जसा बसचा नंबर वाचतो. जलमभर कंडक्टरकी केली, मले कशाचा नंबर वाचायचा होता.

मागं मी तुले लिवलं का देवीलाल नको म्हणला अन् मी त्याले रीत सांगतली. रीत सांगतली नव्हती बाई. तो नको म्हणला, तवा मी त्याले म्हणलं, "तू नाही घेतली तं मी कोणासंगं बसू?" एवढंच म्हणलं. माह्या तोंडाकडे पाहून त्यानं वाटी घेतली. त्या दिवशी तो सुटत होता. एक पाय बाहेर टाकलाच होता त्यानं, अन् मी धरून आत ओढला. अठरा वर्सापासून तो माह्यापासून दूर होता. वाटीमुळे जवळ आला. वाटी गेली का तो बी जाईन, असं माह्या डोक्शात बसलं. मी त्याले वाचवायले काढत होतो, हे उन्हाळ्यापर्यंत खरं होतं. त्याच्यानंतर मी माह्यासाठी काढत होतो.

तुह्या त्या एका ओळीचं उत्तर हे आहे. हो, मी घेतो. सकाळी घेतो, दुपारी घेतो. देवीलाल दोन घेत होता तवा माह्या चार होत होत्या.

तुम्ही गेले तवा मी सडवा, भिजवलेलं सारं फूल, नाल्यात ओतला. मडके फोडले, चूल उकरून टाकली. भीमसिंग पाहत होता, म्हणे, हिरासिंग, पोलीस येऊन राह्यले का? त्या रात्री मी तसाच झोपलो. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दम धरला. मंग घाम सुटला, खाटेवर बसता येईना. मी उठलो, चपला घातल्या, नेरची गाडी धरली, अन् दुकानात जाऊन बाटली घेतली. देशीची. घरी आणेपर्यंत बी थांबलो नाही. मी घातलेला कायदा मीच मोडला. देवीलालनं एवढ्या महिन्यात एकदाही मोडला नव्हता, हे तुले माहीत असावं म्हणून लिवतो.

आता त्याचं ऐक. तुह्या भावानं सांगतलं का पहिले चार-पाच दिवस त्याले लय त्रास झाला, थरथरत होता, ओकत होता, तू त्याच्याजवळ बसून होतीस. आता ट्रकवर क्लीनर म्हणून जाते. काल त्यानं वाहिदभाईच्या फोनवर फोन केला. म्हणे, बा, घ्यायले येतो, इथं राह्य. मी नाही म्हणलं. म्हणलं, कपाशी वेचायची आहे. तो पुन्हा म्हणीन. तू त्याले येऊ देऊ नको. कामाचं निमित्त सांग, खुशीची शाळा सांग, माह्याशी भांडण झालं म्हणून सांग, काही बी सांग. तो इथं आला अन् सांजेले माह्या खाटेवर बसला तं मी त्याले वाटी देईन. नाही देणार असं मले म्हणता येत नाही. मी सोताले ओळखतो आता. मी त्याच्या पाया पडीन, रडीन, मायची शपथ घालीन, अन् त्याच्या हातात देईन.

म्हणून जो एप्रिलपासून तुले ये ये म्हणून लिवत होता, तोच माणूस आता लिवते का येऊ नको. तू येऊ नको, त्याले पाठवू नको, पोट्टीले तं आणूच नको. माहं बरंवाईट झालं तं भीमसिंग कळवीन. तवा या, अन् त्याच दिवशी परत जा.

एक राह्यलं. काळी अमावस्येच्या सांजेले खुशी दिवा घेऊन माह्या खाटेजवळ आली होती. तुह्या हातचा तो आरसे लावलेला घागरा घालून. तू दारात होतीस, देवीलाल मागं होता. तिनं मेरा म्हणलं, पहिल्या खेपेले चुकली, तुनं हळूच सांगतलं, मंग पूर्ण म्हणलं. म्हातारबाबा सुखी राहो म्हणते ना त्यात, ते बी म्हणलं. मी भिंतीकडे तोंड करून पडलो होतो. देवीलालनं दोनदा हाक मारली. मंग खुशी म्हणे, "आजोबाले झोपू द्या," अन् तिनं दिवा खाली जमिनीवर ठेवला अन् पायाचा आवाज न करता गेली.

मी जागा होतो. सारं ऐकलं. कूस बदलली असती अन् बोललो असतो तं तिले माह्या तोंडाचा वास आला असता. पोट्टीले तो वास ओळखू येते, बाई. म्हणून पडून राह्यलो. दिवा इझेपर्यंत तसाच पडून होतो.

तिनं कधी इचारलं तं हे सांगू नको. आजोबाले गाढ झोप लागली होती, असंच सांग.

हिरासिंग